यंत्रमानवांची स्पर्धा आणि आमचा संघ



दर महिन्याला आपल्या भित्तिपत्रकात कुणीतरी माहितीचा लेख लिहितो. मागच्या महिन्यात कांद्याच्या रोपांची माहिती आली होती. या महिन्यात गुरुजी मला म्हणाले, "तू सुट्टीत जे पाहिलेस ते लिही." म्हणून मी यंत्रमानवांच्या स्पर्धेबद्दल लिहीत आहे. लेख थोडा लांबला आहे, पण पूर्ण वाचावा. शेवटी पालकांना एक विनंती आहे.

मी काय पाहिले?

दिवाळीच्या सुट्टीत मी नाशिक रोडला मावशीकडे गेले होते. मावशीच्या घरात रेल्वेची शिट्टी ऐकू येते. मावशीची मुलगी सातवीत आहे. तिला मी ताई म्हणते. एक दिवस ताई म्हणाली, "चल, आज आमचा सराव सामना आहे. आमचा रोबो बघ." रोबो म्हणजेच यंत्रमानव. मला वाटले, सिनेमात असतो तसा लोखंडी माणूस असेल, धाड धाड चालत येईल. मी जरा भीतभीतच गेले.

पाहते तर काय! जेवणाच्या डब्याएवढी एक गाडी. दोन चाके, पुढे एक छोटा हात, पोटात बॅटरी. मी ताईला म्हटले, "एवढासाच?" ताई हसली व म्हणाली, "एवढासाच आहे, पण आम्ही सहा जण तीन महिने त्याच्यामागे आहोत."

तिथे एक मोठे टेबल होते. टेबलावर चित्रांची चटई अंथरली होती. चटईवर ठिकठिकाणी छोटी छोटी कामे मांडली होती. कुठे दांडा खाली पाडायचा, कुठे ठोकळा ढकलत न्यायचा, कुठे फाटक उघडायचे. शिट्टी झाली की रोबोने आपोआप निघायचे आणि अडीच मिनिटांत जमतील तेवढी कामे करायची. मुलांच्या हातात रिमोट नव्हता. एकदा सोडला की हात लावायचा नाही. मधेच उचलून आणला तर गुण कमी होतात.

अडीच मिनिटे म्हणजे किती थोडी! आपली प्रार्थनासुद्धा तेवढ्यात संपत नाही.

रोबो हा शब्द कुठून आला?

घरी आल्यावर मी गुरुजींना विचारले. गुरुजींनी सांगितले की, कारेल चापेक नावाचे एक चेक लेखक होते. त्यांनी १९२० साली एक नाटक लिहिले. त्यात कारखान्यात बनवलेले कामगार दाखवले होते. त्यांना त्यांनी रोबो हे नाव दिले. त्यांच्या भाषेत 'रोबोता' म्हणजे जुलमाने करून घेतलेले काम. हे मी आजोबांना सांगितले. आजोबा म्हणाले, "म्हंजे आपल्याकडची वेठ! वेठबिगारी!" बरोबर तोच अर्थ.

पण यंत्रमानव माणसासारखा दिसलाच पाहिजे असे नाही. गुरुजी म्हणाले, त्याच्यात तीन गोष्टी पाहिजेत. एक, ज्ञानेंद्रिय. म्हणजे समोर काय आहे ते कळले पाहिजे. दोन, मेंदू. म्हणजे काय करायचे ते ठरवता आले पाहिजे. तीन, हातपाय. म्हणजे ते काम करता आले पाहिजे. रोबोत मेंदूच्या जागी एक छोटा संगणक असतो आणि हातपायांच्या जागी मोटारी असतात. संगणकाला काय करायचे ते माणसाने आधी लिहून द्यावे लागते. त्याला प्रोग्राम म्हणतात.

मी विचारले, "गुरुजी, आमच्या विहिरीवरच्या मोटारीला ऑटो स्टार्टर आहे. रात्री वीज आली की मोटार आपोआप चालू होते. बाबांना उठावे लागत नाही. मग तो रोबो का?" गुरुजी हसून म्हणाले, "पुरता नाही. पण रोबोचा चुलत भाऊ म्हण." कारण वीज आली हे त्याला कळते आणि तो मोटार चालू करतो. पण तो एवढे एकच काम करतो. विहिरीत पाणी आहे की नाही ते त्याला कळत नाही.

रोबोला काळी रेघ कशी दिसते?

ताईचा रोबो चटईवरच्या काळ्या रेघेवरून चालत होता. त्याला डोळे नसताना रेघ कशी दिसली? त्याची युक्ती अशी. त्याच्या पोटाखाली एक छोटा दिवा असतो व शेजारी उजेड मोजणारा भाग असतो. पांढरा कागद उजेड परत फेकतो. काळा रंग उजेड गिळतो. उजेड जास्त परत आला तर रोबो समजतो, मी पांढऱ्यावर आहे. कमी आला तर समजतो, मी काळ्यावर आहे. मग तो थोडा डावीकडे, थोडा उजवीकडे असे करत रेघेच्या कडेकडेने जातो. बैल सरीच्या कडेने चालतो ना, तसे.

किती लांब जायचे हेही मोजावे लागते. ताईने चाकावर खूण केली आणि एक पूर्ण फेरी फिरवली. गाडी साडेसतरा सेंटिमीटर पुढे गेली. आता ७० सेंटिमीटर जायचे असेल तर किती फेऱ्या? साडेसतरा चोक सत्तर. म्हणजे चार फेऱ्या. पाढे पाठ करताना मला कंटाळा येतो, पण इथे पाढा चुकला तर गाडी टेबलावरून खाली पडते. म्हणून ताईची सगळी मुले पाढे म्हणत होती आणि कोणी कंटाळत नव्हते.

सामन्यात काय झाले?

सराव सामन्याला दुसऱ्या शाळेचा संघ आला होता. सकाळी ताईचा रोबो छान चालला. दुपारी मात्र तो रेघ सोडून भलतीकडेच गेला. पुन्हा लावला, पुन्हा गेला. प्रोग्राम लिहिणारा दादा रडकुंडीला आला. तो म्हणाला, "मी काहीच बदललेले नाही!" कुणी म्हणे बॅटरी संपली, कुणी म्हणे चाक सैल आहे. सगळे एकदम बोलायला लागले.

संघात एक मुलगा होता. तो रोबोला हातही लावत नव्हता. नुसती वही घेऊन बसला होता. मला वाटले होते, याला काही येत नसावे. त्याने वही उघडली व म्हणाला, "मागच्या मंगळवारी दुपारी असेच झाले होते. तेव्हा खिडकी उघडी होती." सगळ्यांनी वर पाहिले. खरेच, खिडकीतून ऊन टेबलावर आले होते! ऊन पडल्यामुळे काळ्या रेघेवरूनसुद्धा जास्त उजेड परत येत होता आणि रोबो फसत होता. मग त्यांनी रोबोच्या पोटाभोवती काळ्या पुठ्ठ्याचे कुंपण लावले आणि उजेडाचे माप पुन्हा घेतले. रोबो सरळ चालला.

तरी ताईचा संघ जिंकला नाही. दुसऱ्या संघाचे गुण जास्त झाले. पण त्या संघाच्या मुलांनी येऊन विचारले, "तुम्ही कुंपण कसे केले? आम्हांलाही दाखवा." आणि ताईने दाखवले! मी म्हटले, "अगं, ते तर आपले शत्रू!" ताई म्हणाली, "शत्रू कसले? या खेळात दुसऱ्याला मदत केली तर ती चांगली गोष्ट धरतात."

अशा स्पर्धा कुठे कुठे होतात?

ताईने सांगितलेली व गुरुजींनी शोधून दिलेली माहिती मी इथे लिहिते.

पहिली स्पर्धा फर्स्ट लेगो लीग. अमेरिकेतले संशोधक डीन केमन यांची फर्स्ट नावाची संस्था आहे. ती १९८९ साली निघाली. या संस्थेने डेन्मार्क देशातल्या लेगो या खेळणी बनवणाऱ्या कंपनीबरोबर १९९८ साली मुलांसाठी ही स्पर्धा सुरू केली. लेगो म्हणजे एकमेकांत अडकणारे ठोकळे. ताईचा खेळ याच पद्धतीचा होता. यात नुसत्या रोबोच्या खेळाला गुण नसतात. रोबो असाच का बनवला ते परीक्षकांना समजावून सांगावे लागते. लोकांची एक अडचण शोधून त्यावर उपायही सांगावा लागतो. आणि संघातली मुले एकमेकांशी कशी वागतात तेही परीक्षक बघतात. आपल्याकडे खोखोच्या सामन्यात असे गुण असते तर किती बरे झाले असते!

दुसरी स्पर्धा जागतिक यंत्रमानव ऑलिंपियाड. ही २००४ साली सुरू झाली. यात दोन किंवा तीन मुलांचा संघ असतो व एक मार्गदर्शक असतो. यात बरीच वर्षे असा नियम होता की, रोबोचे सगळे भाग सुटे करून आणायचे आणि तिथेच जोडायचे. चित्र बघायचे नाही, गुरुजींना विचारायचे नाही. म्हणजे गुरुजींनी घरी बनवून दिला असेल तर लगेच उघडे पडते. २०१६ साली या स्पर्धेचा जागतिक सामना आपल्या देशात, दिल्लीला झाला. त्या वर्षीचा विषय कचरा हा होता. रोबोंनी कचरा गोळा करायचा व वेगवेगळा करायचा.

तिसरी स्पर्धा मोठ्या दादा-तायांची. तिचे नाव रोबोकॉन. आशियातल्या व जवळपासच्या देशांची दूरदर्शन केंद्रे मिळून ती भरवतात. पहिली २००२ साली जपानमध्ये टोकियोला झाली. ही स्पर्धा दोनदा आपल्या पुण्याला झाली आहे, २००८ साली आणि २०१४ साली.

२००८ चा खेळ कशावर होता माहीत आहे? आपल्या दहीहंडीवर! रोबोंनी गोविंदा व्हायचे आणि उंचावरचे लोणी काढायचे. लोणी म्हणजे अर्थात ठोकळे. परदेशातल्या संघांनीसुद्धा आपला गोपाळकाला समजून घेऊन रोबो बनवले. २०१४ चा विषय आई-वडिलांना वंदन हा होता. त्यात एक रोबो पालक आणि एक रोबो मूल. पालक रोबोने मूल रोबोला बागेत न्यायचे, सीसॉवर खेळवायचे, झोका द्यायचा, खांबांवरून चालवायचे. त्या वर्षी व्हिएतनामच्या मुलांनी पहिला नंबर मिळवला.

चौथी गोष्ट २०१७ सालची आहे. अमेरिकेत वॉशिंग्टनला दीडशेहून जास्त देशांतल्या शाळकरी मुलांची रोबोंची स्पर्धा झाली. विषय पाण्याचा होता. निळे चेंडू म्हणजे स्वच्छ पाणी, नारिंगी चेंडू म्हणजे घाण पाणी. ते वेगळे करायचे. भारताचा संघ मुंबईच्या सात मुलांचा होता. त्यांना रोबोच्या रचनेबद्दल सुवर्णपदक मिळाले. याच स्पर्धेला अफगाणिस्तानातल्या सहा मुली आल्या होत्या. त्यांना अमेरिकेत यायला दोनदा नकार मिळाला होता. तरी त्यांनी रोबो तयार ठेवला. शेवटी परवानगी मिळाली, त्या आल्या आणि धाडसाबद्दल त्यांना रौप्यपदक मिळाले. ही गोष्ट मी आमच्या वर्गातल्या मुलींना दोन वेळा सांगितली आहे.

आम्ही वर्गात काय केले?

मी गुरुजींना म्हटले, "आपणही संघ करू या." गुरुजी म्हणाले, "आपल्याकडे रोबोचे साहित्य नाही आणि ते महाग असते. पण संघ करायला साहित्य लागत नाही." मग गुरुजींनी जिवंत रोबोचा खेळ सांगितला. तो तुम्हीही खेळा.

मैदानात फक्कीने रेघा मारायच्या. वर्गाच्या दारापासून लिंबाच्या झाडापर्यंत वाट ठरवायची. मधे दोन बाके आडवी ठेवायची. एक मुलगा रोबो. त्याचे डोळे रुमालाने बांधायचे. बाकीच्यांनी आधी पाटीवर हुकूम लिहायचे. 'पाच पावले पुढे. उजवीकडे वळ. तीन पावले पुढे.' मग एकाने ते वाचायचे. रोबोने जसे वाचले तसेच करायचे, स्वतःची अक्कल चालवायची नाही. मधे कुणी 'अरे बाक आहे!' असे ओरडायचे नाही. एका मुलाने मात्र रोबोच्या शेजारून चालायचे व तो धडकणार असे वाटले तर धरायचे.

आता खरे सांगते. पहिला संघ मी निवडला. मी वर्गातली पहिल्या नंबरची तीन मुले घेतली आणि चौथी मी. माझी एक मैत्रीण म्हणाली, "मला घे ना." मी म्हटले, "तू उशिरा येतेस, तुला नाही जमणार." मी असे म्हटले ते वाईट केले.

आमच्या संघाचे काय झाले? चौघांनाही हुकूम लिहायचे होते. रोबो व्हायला कुणी तयार नव्हते. मोजायला कुणी गेले नाही. सगळे म्हणत, "मला माहीत आहे, दहा पावले!" शेवटी एक जण रुसून रोबो झाला. आम्ही दहा पावले लिहिली. तो बाकावर जाऊन आदळला आणि म्हणाला, "तुम्ही मुद्दाम केले." भांडण झाले. रस्त्यावरून जाणारे एक बाबा थांबले व म्हणाले, "काय करू राहिले रे पोरांनो? शाळा आहे का बाजार?"

दुसऱ्या दिवशी गुरुजींनी चिठ्ठ्या टाकल्या. माझ्या संघात तीच मैत्रीण आली. ती लहान भावाला कडेवर घेऊनच आली होती. तिने आधी काहीच लिहिले नाही. ती म्हणाली, "पावले सगळ्यांची सारखी नसतात. आम्ही टमाटे लावताना दोरीला खुणा करतो. तसे करू." तिने घरून दोरी आणली. पट्टीने मोजून दर दहा सेंटिमीटरवर खडूची खूण केली. मग आमच्या रोबोला पाच पावले चालायला लावले व दोरी धरली. पाच पावले बरोबर दोन मीटर भरली. म्हणजे एक पाऊल ४० सेंटिमीटर. पहिल्या बाकापर्यंत सहा मीटर होते. ६०० भागिले ४०, म्हणजे १५ पावले. आमच्या पहिल्या संघाने दहाच लिहिली होती, पण तेव्हाचा रोबो उंच होता. त्याची पावले मोठी होती, म्हणून तो आदळला. बाकाच्या आधी थांबायला हवे म्हणून आम्ही १४ लिहिली. रोबो बाकाच्या अलीकडे बरोबर थांबला, वळला आणि तिसऱ्या खेपेला झाडाला हात लावला. सगळ्या वर्गाने टाळ्या वाजवल्या. मैत्रिणीचा भाऊसुद्धा टाळ्या वाजवत होता.

मला तेव्हा ताईच्या संघातला वहीवाला मुलगा आठवला.

संघात कोण कोण पाहिजे?

एकट्या हुशार मुलाने रोबो चालत नाही. संघात ही माणसे पाहिजेत.

१. बांधणारा. ज्याला सायकलची चेन बसवता येते, मोडलेली खेळणी जोडता येतात, तो.

२. हुकूम लिहिणारा. ज्याला एकामागून एक गोष्ट नीट क्रमाने सांगता येते, तो. घाई करणारा नको.

३. मोजणारा. पट्टी, दोरी, घड्याळ त्याच्याकडे. अंदाजाने बोलणारा नको.

४. वहीवाला. आज काय केले, काय चुकले, तेव्हा ऊन होते की ढग, हे सगळे लिहून ठेवणारा. अक्षर चांगले नसले तरी चालेल, पण खरे लिहिले पाहिजे.

५. सांगणारा. परीक्षकांपुढे न लाजता बोलणारा.

दर आठवड्याला कामे बदलायची. म्हणजे सगळ्यांना सगळे येते आणि एखादा आजारी पडला तरी काम अडत नाही. दहीहंडीत वर चढणाऱ्या पोराचा फोटो येतो. पण खालच्या थरातला माणूस हलला तर हंडी कुठली आणि दही कुठले?

साहित्य नसताना काय करता येते?

पुण्याला आयुका या संस्थेत मुलांसाठी मुक्तांगण विज्ञान केंद्र आहे. तिथे अरविंद गुप्ता यांनी पुष्कळ वर्षे काम केले. टाकाऊ वस्तूंपासून खेळणी कशी करायची ते त्यांनी मुलांना शिकवले. त्यांना २०१८ साली पद्मश्री मिळाली. आगपेटीच्या काड्या आणि सायकलची व्हॉल्व्ह ट्यूब यांची त्यांची युक्ती गुरुजींनी आम्हांला दाखवली. ट्यूबचे छोटे तुकडे करून त्यात काड्या खोचायच्या. काड्यांचा गूल आधी काढून टाकायचा. चार काड्यांचा चौकोन केला तर तो दाबला की वाकडा होतो. तीन काड्यांचा त्रिकोण दाबला तरी वाकत नाही. म्हणून रोबोच्या सांगाड्यात, विजेच्या मनोऱ्यात आणि पुलातही त्रिकोण असतात. नाशिक रोडहून येताना विजेचे मोठे मनोरे दिसतात ना, त्यांत त्रिकोण मोजून बघा.

आम्ही एक चालणारा ब्रशही केला. मोडक्या खेळण्यातली छोटी मोटार घ्यायची. तिच्या दांड्याला खोडरबराचा तुकडा एका बाजूला जास्त राहील असा खोचायचा. मोटार कपड्याच्या ब्रशवर दोऱ्याने बांधायची आणि पेन्सिल सेल जोडायचा. रबर एका बाजूला जड असल्यामुळे मोटार थरथरते आणि ब्रश तुरुतुरु चालतो. त्याला मेंदू नाही, म्हणून तो रोबो नाही. पण बांधायचा सराव होतो. मित्रांनो, यासाठी फक्त सेल वापरा. घरातल्या विजेच्या बटणाला कधीही वायर लावू नका. आणि छोटे सेल लहान भावंडांच्या हाती देऊ नका.

हे आत्ताच का करायचे?

२०१६ पासून सरकार काही शाळांना अटल टिंकरिंग प्रयोगशाळा देत आहे. तिथे मोटारी, सेन्सर, रोबोचे साहित्य असते. ती सहावी ते बारावीच्या मुलांसाठी आहे. सरकारी शाळांत पाच वर्षांत अशा पन्नास हजार प्रयोगशाळा काढू असे २०२५ च्या अर्थसंकल्पात सांगितले आहे. आम्ही दोन वर्षांनी सहावीत जाऊ. तेव्हा आमच्या मोठ्या शाळेत प्रयोगशाळा असली, तर तिथे पुढे कोण जाईल? ज्याने आधी स्क्रू फिरवला आहे तो. ज्याने काही धरलेच नाही तो मागे उभा राहून बघेल. मावशीकडे मीही आधी मागेच उभी होते. म्हणून आत्ताच दोरी, पाटी आणि ब्रशवर हात बसवायचा.

पालकांना विनंती

आमचा संघ दर शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर एक तास बसतो. गुरुजी बरोबर असतात. काही पालक म्हणतात, खेळामुळे अभ्यास बुडेल. पण माझा भागाकार या दोरीनेच पक्का झाला. काही म्हणतात, मुलींना यंत्राचे काय काम? त्यांनी अफगाणिस्तानच्या मुलींची गोष्ट पुन्हा वाचावी. काही म्हणतात, पैसे लागतील. आत्तापर्यंत आमचे पैसे फक्त एका सेलचे गेले आहेत.

आणखी एक सांगायचे आहे. आमच्या संघातली एक मुलगी गेले दोन शनिवार आली नाही. तिची आई कामाला जाते आणि भावाला सांभाळायला तिला घरी जावे लागते. ती मुद्दाम येत नाही असे नाही, हे मला आता कळले आहे. तिच्याशिवाय आम्ही दोनदा मोजले आणि दोन्ही वेळा वेगळे आले. काकू, तुम्ही तिला पाठवा आणि भावालाही बरोबर पाठवा. आम्ही आळीपाळीने त्याला घेऊ. कुणी कधी घ्यायचे ते वहीत लिहिले आहे. शिट्टी वाजवायचे काम त्यालाच देऊ. त्याला ती फार आवडते.

पालकसभेच्या दिवशी मी या भित्तिपत्रकाजवळ उभी राहणार आहे. ज्यांनी चष्मा आणला नसेल किंवा ज्यांना वाचायला वेळ नसेल, त्यांना मी हा लेख वाचून दाखवीन. त्या दिवशी मैदानात जिवंत रोबोचा खेळही होईल. पालकांनीही रोबो होऊन बघावे. डोळे बांधायचा रुमाल आम्ही आणू.

लिहिण्यात काही चुकले असेल तर क्षमा करावी.

– एक विद्यार्थिनी, इयत्ता चौथी